निरोगी माणसांच्या खाटा

समतानं पुढ्यात ठेवलेला चहा धम्मरत्ननं बशीसकट हळूच परत सरकवला. पोळी लाटता लाटता ती थांबली. तिनं कपाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो दाराबाहेर बघत बसला होता, जणू तिथं पाहण्यासारखं काही चाललं आहे. बाहेर शेजाऱ्यांची म्हैस रवंथ करत होती, आणि ती रोजच करायची.

“खर्रा कवापासून बंद हाय?” समतानं विचारलं.

“कोन म्हनते बंद हाय?”

“अंगन मी झाडते. इतक्या दिवसांत एक पन्नी सापडली नाई.”

तंबाखू-सुपारीचा तो घोटलेला खर्रा त्यानं सोडावा म्हणून समतानं काय काय केलं नव्हतं. ती आरोग्यसेविका. जानेफळच्या आसपासच्या खेड्यांतून तिची स्कूटी फिरायची. कुणाच्या बाळाची लस, कुणाची रक्तदाबाची गोळी, कुणाचे भरत आलेले दिवस. उपकेंद्राच्या भिंतीवर तोंडाच्या कर्करोगाचं चित्र तिनंच चिकटवलं होतं. ते बघून गावातल्या दोघा-तिघांनी तंबाखू सोडली. घरच्या माणसानं मात्र चित्र चिकटवायला खळ शिजवून दिली आणि बाहेर जाऊन खर्रा खाल्ला. पण पुण्याहून फोन आला की हाच माणूस एका दिवसात खर्रा सोडायचा, चहा सोडायचा, वेळेवर झोपायचा, सकाळी उठून रस्त्यानं झपाझप फिरून यायचा. बायकोच्या शब्दानं वर्षानुवर्षं जे झालं नाही ते एका फोननं होतं, हे समताला फार लागायचं.

“म्हंजे जाऊन राह्यले तुमी,” ती म्हणाली.

“फिट निघालो,” तो म्हणाला. आवाजात लपवता न येणारा अभिमान होता. “रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं साफ. डॉक्टर म्हने या वयात असा मानूस कमी भेटते.”

“मानूस चांगला हाय म्हूनच इचारते. जाता काऊन?”

काऊन. वऱ्हाडात ‘का’साठीचा हा शब्द दिवसभर कानावर पडतो आणि त्याचं उत्तर द्यायला कुणी बसत नाही. पण समतानं तव्याखालचा गॅस बंद केला आणि ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.

पहिल्या वेळी उत्तर सोपं होतं. घरावर स्लॅब टाकायचा होता. पुण्याच्या बाहेर औद्योगिक वसाहतीत एक केंद्र होतं, तिथं नवीन औषध आजारी माणसांना देण्याच्या आधी निरोगी माणसांना देऊन पाहत. अंगात ते किती वेळ राहतं, कशानं डोकं जड होतं, कशानं मळमळतं, हे तपासत. काही दिवस तिथंच मुक्काम, दंडात सुई, ठरल्या वेळी रक्त, आणि जाताना पैसे. नंतर मुलीचं, महामायाचं कॉलेज आलं. तेव्हाही उत्तर सोपंच होतं. समता कुरकुरायची, मग आकडेमोड करून गप्प बसायची. पण यंदा तिची कंत्राटी नोकरी कायम झाली होती. महामाया शिकून छत्रपती संभाजीनगरला कामाला लागली होती. स्लॅबवर दरवर्षी मिरच्या वाळत होत्या. घरात आता कशाचंच अडलेलं नव्हतं, आणि नेमकी त्यामुळेच धम्मरत्नची पंचाईत झाली होती.

“असंच,” तो म्हणाला.

“असंच कोनी जहर खाते का?”

“जहर नसते वो ते.”

“मंग कायची गोळी हाय या वक्ती?”

त्याला खोटं बोलता आलं असतं. पण समताशी औषधाबद्दल खोटं बोलणं म्हणजे शिक्षकाला चुकीचा पाढा म्हणून दाखवणं.

“नवी हाय. याच्या आंधी मानसाले देल्ली नाई. प्रान्यायले देल्ली, काई झालं नाई त्यायले.”

समतानं लाटणं पोळपाटावर ठेवलं. “मी दिवसभर लोकायच्या मागं फिरते, बाप्पा गोळी खा, शुगरची गोळी खा. ते खात नाईत, उशीखाली ठेवतेत. अन् माह्या घरचा धडधाकट मानूस, ज्याले काई रोग नाई, तो गोळी खायाले पुन्याले जाते.” ती क्षणभर थांबली. “या वक्ती जाऊ नका. मले भेव वाटते.”

तिनं असं उघड कधी म्हटलं नव्हतं. धम्मरत्न उठला, चपला घातल्या आणि दुकानात जातो म्हणून निघाला. दुकान उघडायला अजून बराच अवकाश होता.

बसथांब्याच्या मागे त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान. रब्बीत लाइट खालीवर झाली की शेतातल्या मोटारी जळायच्या आणि दुकानासमोर शेतकऱ्यांची रांग लागायची. आता भादवा होता. विहिरी तुडुंब, सोयाबीन कमरेला लागलेलं, मोटारी सगळ्या मुक्या. कुणीतरी कधीचीच टाकून गेलेली एक मोटार होती, ती त्यानं उघडली आणि काळी पडलेली तांब्याची तार ओढून काढायला लागला. हाताला काम असलं की त्याचं डोकं बरं चालायचं. समताला काय सांगायचं ते त्याला जुळवायचं होतं.

खरं उत्तर त्याला माहीत होतं. ते मेहकरला होतं, आणि आता तिथंही नव्हतं.

मेहकरला मुलांचं एक वसतिगृह होतं. पत्र्याची लांबच लांब खोली, भिंतीला लागून पोरांच्या वळकट्या, प्रत्येकाच्या उशाशी लोखंडी पेटी. धम्मरत्न पाचवीत तिथं गेला. वळकटी कुठं टाकायची हे कुणी ठरवलं नव्हतं; पहिल्या दिवशी पोरं दारात जशी रांगेत उभी होती तशीच आत जाऊन एकाशेजारी एक बसली. त्यामुळे धम्मरत्नच्या एका बाजूला आला लोणारकडचा रवी आणि दुसऱ्या बाजूला बीबीचा शेखर, ज्याच्या घरची भाजीची वाडी होती. नुसत्या रांगेनं झालेली ही शेजारकी दहावी होईपर्यंत टिकली. रवी झोपेत बडबडायचा. शेखर थंडीत दुसऱ्याचं पांघरूण ओढायचा. धम्मरत्न मधे होता, म्हणून त्याला दोन्ही सोसावं लागायचं, आणि त्याच्याइतकी गाढ झोप त्या खोलीत कुणालाच लागत नसे.

वसतिगृहाचे अधीक्षक हिंमतराव सर. शेजारच्या मळ्यात जांभळाचं झाड होतं आणि त्याला हात लावायची सक्त मनाई होती. जांभळांच्या दिवसांत सर संध्याकाळी दारात उभे राहायचे आणि एकेकाला म्हणायचे, “आ कर. जीभ वर.” जीभ जांभळी निघाली की त्या पोरानं विहिरीवरून पाणी शेंदायचं. एकदा शेखरनं अक्कल चालवून राखुंडीनं जीभ घासली. जांभळी होती ती काळी झाली. सरांना वाटलं पोरगं काहीतरी भलतंच खाऊन आलं, त्यांनी त्याला दवाखान्यात नेलं आणि येताना स्वतःच्या पैशानं केळी घेऊन दिली. रवी आणि धम्मरत्न मात्र पाणी शेंदत होते. हे त्यांनी शेखरला अजून माफ केलेलं नाही.

वसतिगृह पुढे बंद पडलं. तिथं आता लग्नाचा हॉल झाला आहे. तिघं आपापल्या रस्त्याला लागले. रवी प्रवासी जीप चालवायला लागला, शेखर वाडीत, धम्मरत्न तारा गुंडाळण्यात. भेटायचे ते लग्नात नाहीतर मयतीत. लग्नात अर्धा वेळ फोनवर जायचा आणि मयतीत हसता येत नाही. मित्राला भेटायला चाललो म्हणून बॅग भरणारा चाळिशीपुढचा माणूस धम्मरत्ननं अख्ख्या तालुक्यात पाहिला नव्हता. कामाला चाललो म्हटलं की कुणी काही विचारत नाही.

पुण्याच्या त्या केंद्राचा शोध शेखरनं लावला होता. त्यानं रवीला सांगितलं, रवीनं धम्मरत्नला, आणि स्लॅबच्या निमित्तानं तिघं एकदम जाऊन पोहोचले. आत जाताना नाव सांगायच्या रांगेत ते मागेपुढे उभे होते. तिथल्या बाईनं त्यांना ओळीनं नंबर दिले. आत गेले तर पांढऱ्या चादरींच्या लोखंडी खाटा ओळीनं मांडलेल्या आणि नंबराप्रमाणे एका बाजूला रवी, मधे धम्मरत्न, पलीकडे शेखर. तिघंही खाटांकडे बघत उभे राहिले. मग शेखर म्हणाला, “पेटी आनाची राह्यली बे.”

सकाळी गोळी दिली. गोळी गिळल्यावर ती खरंच पोटात गेली का ते बघायला एक मुलगी बॅटरी घेऊन आली. “तोंड उघडा. जीभ वर करा,” ती शेखरला म्हणाली. आणि मागून रवी हुबेहूब हिंमतराव सरांच्या आवाजात पुटपुटला, “कोनाच्या झाडाची जांभळं रे?” तिघं असे हसले की मुलीनं घाबरून डॉक्टरला बोलावलं. डॉक्टरनं नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि गोळीचा परिणाम असावा म्हणून ते हसणं लिहून घेतलं. धम्मरत्नला अजूनही वाटतं की जगात कुठल्यातरी औषधाच्या माहितीत शेखरच्या जिभेमुळे एक ओळ जास्तीची आहे.

गोळी घेतल्यावर काही तास आडवं व्हायची परवानगी नसते. टेकून बसायचं आणि जागं राहायचं. फोन कपाटात बंद. मग गोष्टी निघायच्या. कुणाच्या पेटीत कुणाचे लाडू सापडले, गणिताच्या पेपरला कोण कुणावर रडलं. एकाला आठवायचं नाही ते दुसऱ्याला आठवायचं. कितीतरी वर्षं धम्मरत्नला वाटत होतं की तो मुलगा, जो त्या पत्र्याखाली झोपायचा, तो कुठंतरी हरवून गेला. तो इथं सापडला, दंडात सुई घेऊन. त्याला ते दिवस फार आवडायचे. शेवटच्या दिवशी सुई काढल्यावरही तो खाटेवरून लवकर उठायचा नाही, जसा दहावीचा शेवटचा पेपर देऊन पेटीवर बसून राहिला होता.

आणि यंदाची वेळ शेवटची होती. त्या केंद्रात पंचेचाळीस झाली की माणूस कितीही निरोगी असला तरी घेत नाहीत. शेखरची पंचेचाळीस दिवाळीत पूर्ण होत होती.

आता हे समताला कसं सांगायचं? दोन बाजूंना दोन मित्र झोपलेले असावेत म्हणून मी अनोळखी गोळी खातो, असं कुठला बाप्या बायकोला सांगेल.

संध्याकाळी समता सासूला, कलाबाईला, गुडघ्याला तेल लावून देत होती. कलाबाईच्या संध्याकाळच्या गोळ्या तिनं मोजून वाटीत काढून ठेवल्या होत्या. धम्मरत्न पायरीवर येऊन बसला. दिवसभर जुळवलेलं सगळं त्याच्या तोंडापर्यंत आलं आणि तिथं येऊन भलतंच झालं.

“तिथं झोप चांगली लागते,” तो म्हणाला.

समताचा हात थांबला.

“घरी लागत नाई?”

“लागते ना.”

“घरी काय खुपते तुमाले?”

“तसं नाई वो समता.”

“मंग कसं?”

कलाबाईला कमी ऐकू यायचं. तिला वाटलं दोघं तिच्या गुडघ्याबद्दल बोलताहेत. ती म्हणाली, “बरं हाय माय आता, राहू दे.” समतानं तेलाची वाटी उचलली आणि ती आत गेली. त्यानंतर चार-पाच दिवस ती कामापुरतं बोलली. जेवायला या. मोटारसायकलची चावी कुठं हाय. उद्या मी उशिरा येईन. भांडली असती तर धम्मरत्नला बरं वाटलं असतं. बावीस वर्षांच्या संसारात ती अशी आतून दुखावलेली त्यानं क्वचितच पाहिली होती आणि तिला दुखावल्याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

शेवटी त्यानं दुकानातून शेखरला फोन लावला.

“समता नाई म्हन्ते बे. मी नाई येत.”

पलीकडे शेखरनं वाडीतला फवारणीचा पंप बंद केला.

“बरं,” शेखर म्हणाला. “वैनी नाई म्हन्तेत त नाई. पन मधात मंग भलताच कोनी येऊन झोपीन ना.”

एवढंच बोलून त्यानं दुसरा विषय काढला, भेंडीवर आलेल्या रोगाचा. धम्मरत्ननं त्याला फवारणीबद्दल दोन प्रश्न विचारले आणि फोन ठेवला. मग तो उगाच दुकान झाडायला लागला.

घरी आला तर त्याची बॅग पलंगावर भरून ठेवलेली. वर इस्त्री केलेले दोन शर्ट.

“मी नाई जाऊन राह्यलो,” तो म्हणाला. “सांगून देल्लं शेखरले.”

“काऊन?”

“तुले भेव वाटते म्हून.”

“भेव वाटते ते माह्यापाशी,” समता म्हणाली. “मी अडवलं अन् तुमी वर्षभर तोंड पाडून राह्यले, ते मले नाई पायजे. उद्या माही मेहकरले मीटिंग हाय. स्टँडावर सोडते.”

हे माफ करणं होतं का हात टेकणं होतं, ते त्याला उमगलं नाही. त्यानं बॅग उचलून खाली ठेवली.

सकाळी ती स्कूटी चालवत होती आणि तो मागे बसला होता, मांडीवर बॅग. दोन्ही बाजूंना सोयाबीन वाऱ्यावर हलत होतं. रस्त्यात तिला दोघीजणींनी हात करून थांबवलं. एकीला सुनेचे रिपोर्ट दाखवायचे होते, दुसरीला नुसता तोंडात आलेला फोड दाखवायचा होता. दोन्ही वेळा समतानं स्कूटी बंद न करता, पाय टेकवून, नीट विचारलं. कधीपासून, दुखतं का, ताप आहे का. धम्मरत्न मागे बसून ऐकत राहिला.

मेहकरच्या स्टँडावर रवी आणि शेखर आधीच आलेले होते. उसाच्या रसाच्या बंद गाड्याजवळ उभे होते. धम्मरत्न दिसताच शेखरनं दोन्ही हात वर केले आणि मग समताला बघून चटकन खाली घेतले. दोघंही एकदम पोक्त झाले.

“वैनी, भेंडी आनली तुमच्यासाटी,” शेखरनं पिशवी पुढे केली. “फवारलेली नाई. घरची वेगळी ठेवतो.”

“येतो म्हून सांगतलं नाई यानं,” रवी धम्मरत्नकडे बोट करून म्हणाला. “आमी समजलो, आता नाई येत.”

समतानं पिशवी घेतली, पण ती निघाली नाही. तिनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. रवीचे केस कानाशी पिकले होते. शेखरची ढेरी शर्टात मावत नव्हती. हा माणूस तपासणीत पास कसा झाला असेल याचा ती परिचारिकेच्या नजरेनं अंदाज घेत असावी.

“एक इचारू का भाऊजी?” ती म्हणाली. “तुमी काऊन जाता तिथं?”

“पैशासाटी,” रवी सवयीनं म्हणाला.

“खरं सांगा.”

रवीनं शेखरकडे पाहिलं. धम्मरत्न गाड्यांच्या फलकाकडे बघायला लागला, जणू त्याची गाडी त्याला माहीत नव्हती.

शेखरला मात्र कुणी खरं सांगा म्हटलं की थांबता येत नसे. “पैसे त भेटतेतच वैनी, ते काई नाकारायचं नाई. पन तुमाले सांगतो, तिथं आमच्या खाटा एका लायनीत राह्यतेत. होस्टेलात वळकट्या होत्या तशा. हा मधात. यानं सांगतलं नाई का तुमाले?”

“नाई.”

“लाजला असन. पह्यलेपासून लाजते तो. अन् कसं राह्यते पाहा, सकाळी कोनी येऊन उठवते. पानी हातात. ताट समोर येते, जेवलं की ताट उचलून नेतेत. आपल्याले उठून चमचा धुवा लागत नाई. अन् थोड्या थोड्या टायमानं एक पोरगी येते अन् इचारते, कसं वाटून राह्यलं, डोकं दुखते का, चक्कर येते का, झोप लागली का. एकेकाले. लिहून घेते. आपल्याले घरी कोन इचारते वैनी असं? पह्यल्या खेपेले मी त सांगतच राह्यलो, गुडघ्याचं सांगतलं, भावासंग बोलनं बंद हाय ते सांगतलं. ते पोरगी म्हने, काका, एवढं लिहाले जागा नाई.”

रवी हसला. मग तिघंही हसले, आधी बेतानं, मग रवीनं हिंमतराव सरांच्या आवाजात काहीतरी म्हटलं आणि शेखरनं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. धम्मरत्न हसता हसता खाली वाकला. वर बघितलं तर समता त्याच्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लग्नाच्या इतक्या वर्षांत न पाहिलेला कुणीतरी समोर उभा असावा तशी ती निरखून पाहत होती, आणि धम्मरत्नच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

गाडी लागली. रवी आणि शेखर जागा धरायला धावले. धम्मरत्न बॅग घेऊन उभा राहिला.

“तू आताबी म्हनशीन त नाई जात,” तो म्हणाला.

“झोपेचं म्हनत होते ते हेच का?”

“हाव.”

“मंग मले सांगाले काय झालतं?”

“तू हासली असती.”

“हासली असती,” समता म्हणाली. “हासून जाऊ देल्लं असतं. चार दिवस मी इचार करून राह्यली, का याले मी नको झाली का काय.” तिनं त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली, चारचौघांत, स्टँडावर. “बसा आता. जागा जाईन.”

तो चढला. शेखरनं मधली जागा सोडून ठेवली होती, पण धम्मरत्ननं त्याला खिडकीतून मधे सरकवलं आणि स्वतः खिडकीशी बसला. समता खिडकीखाली येऊन उभी राहिली. तिनं एका हातानं खिडकीचा गज धरला.

“काई बी झालं त लपवू नका. मळमळ, अंगावर पुरळ, छातीत धडधड. लगेच सांगजा त्यायले. इतर मानसं बरं हाय बरं हाय म्हनतेत तसं नाई कराचं.”

“नाई करत.”

“गोळी खाल्ल्यावर मले फोन नाई करता येत?”

“फोन बंद राह्यते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी करतो.”

“बरं.”

कंडक्टर तिकिटं फाडत मागून पुढे येत होता. ड्रायव्हर अजून खाली उभा राहून कुणाशी तरी बोलत होता. समताचा हात गजावरून निघाला नाही. पर्समधे तिचा फोन वाजला, वाजून थांबला, परत वाजायला लागला. उपकेंद्रातून असणार किंवा मीटिंगमधून. तिनं तो काढून पाहिला नाही.

“अहो,” ती म्हणाली, “बायकायले घेतेत का तिथं?”

धम्मरत्न हसला. मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू तिथंच राहिलं. ती मस्करी करत नव्हती. गाडीचा नंबर विचारावा तसं तिनं विचारलं होतं.

शेखरच्या पलीकडून रवीनं सांगितलं, “घेतेत ना वैनी. बायकायचा हॉल अलग हाय, वरच्या मजल्यावर.”

“अन् किती दिवस ठेवतेत?”

“आठ-दहा दिवस. त्याच्यावर नाई ठेवत.”

“एवढेच?” समता म्हणाली.

ड्रायव्हर चढला. गाडीनं हिसका दिला तसा तिनं गजावरचा हात काढून घेतला. धम्मरत्ननं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तिला कसं वाटतं ते विचारायला, पण तोवर गाडी स्टँडाबाहेर वळली होती.